कारणाचा रकाना

कुसुम,

तुला कुंकू लावायचं की नाही, हे मी ठरवलं. तुला कळलं असतं तर तू आधी हसली असतीस आणि मग कंबर कसून भांडायला उभी राहिली असतीस. जो एक प्रश्न तू आठ वर्षं कुणालाही सोडवू दिला नाहीस, ना कोर्टाला, ना देवीला, ना मला, तो माझ्या तोंडून एका शब्दात निकालात निघाला. तुझं तेरावं होऊन गेलं, तुझ्या लेकीने, शुभाने, पुन्हा कॉलेजात जायला सुरुवात केली, शाळेत तुझे तास वाटून दिले गेले. मला मात्र तो शब्द स्वस्थ बसू देत नाही. वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवता शिकवता मी मध्येच थांबते आणि मुली एकमेकींकडे बघतात.

त्या दिवशीचं तुला सांगायलाच हवं. तू आंघोळ करून बाहेर आलीस, शुभाला म्हणालीस की छातीत भरून आल्यासारखं होतंय, आणि खाटेवर टेकलीस ती टेकलीसच. शुभा मला हाक मारायला धावत आली. आळीच्या तोंडावरचे डॉक्टर माझ्या पाठोपाठ आले. त्यांनी मनगट धरलं, छातीला नळी लावली, पापणी वर करून टॉर्च मारला आणि मान हलवली. मी भिंतीला टेकून बघत होते आणि माझ्या मनात आलं, किती पटकन कळतं. तुझ्या बेपत्ता नवऱ्याबद्दल जे आठ वर्षांत कुणाला छातीठोक सांगता आलं नाही, ते तुझ्याबद्दल एका टॉर्चने सांगून टाकलं. असल्या वेळी असला विचार फक्त तुझ्या मैत्रिणीलाच सुचणार, आणि तो ऐकवायला तूच नव्हतीस.

दुपारी पूर्णगडहून एसटीने तुझ्या सासूबाई आल्या. आल्या त्या तुझ्या पायाशी बसल्या, एक अक्षर बोलल्या नाहीत, डोळ्यांत पाणीही नाही. बायकांनी तुला न्हाऊ घातलं. मग तुझी वहिनी हातात कुंकवाचा करंडा घेऊन उभी राहिली आणि तिथेच अडकली. खाटेवर दोन साड्या काढून ठेवल्या होत्या, एक हिरवी आणि एक पांढरी. तू सवाष्ण गेलीस की विधवा, हे त्या खोलीत कुणाला सांगता येत नव्हतं. आईला तोंडावर कसं विचारायचं की तुमचा मुलगा आहे की गेला? वहिनीने दाराशी उभ्या असलेल्या तुझ्या दादांकडे बघितलं. ते एवढे नावाजलेले वकील, पण तोंडावर उपरणं धरून एवढंच म्हणाले की कायद्याचं आज काढू नका. शेवटी शुभा माझ्याकडे वळली.

"नलूमावशी, तू सांग. आई तुझ्याशीच बोलायची सगळं."

"लावा," मी म्हटलं. "हिरवी साडी नेसवा."

मग तुझ्या सासूबाई पहिल्यांदा रडल्या.

आता गंमत बघ. तुझे विनायकराव गेले, असं पहिल्यापासून मानणारी आणि ते तुझ्या तोंडावर म्हणणारी मी एकटी होते. बाकीचे तुझ्यासमोर "येतील हो" म्हणायचे आणि माजघरात जाऊन चुकचुकायचे. आणि तीच मी, सगळ्यांच्या देखत तुला सवाष्ण ठरवलं. कशाच्या जोरावर? भूमितीच्या सिद्धतेत तू मुलींना दोन रकाने आखायला लावायचीस, डावीकडे विधान आणि उजवीकडे कारण. विधान बरोबर आणि कारण कोरं असेल तर तू अर्धा गुणसुद्धा द्यायची नाहीस. पालक तक्रार घेऊन यायचे, की बाई, उत्तर तर बरोबर आलंय. तू म्हणायचीस, "आलंय, पण तिचं नाही ते." त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर ते दोन रकाने आहेत. डावीकडे "लावा" लिहिलंय आणि उजवीकडे काही नाही.

तुझ्याशी माझी मैत्री झाली तीच मुळी भांडणातून. शिक्षकांच्या खोलीत मी कुणाला तरी सांगत होते की विज्ञानाने अमुक सिद्ध केलंय, आणि वह्या तपासता तपासता तू मान वर न करता म्हणालीस, "सिद्ध नाही केलं. दाखवलंय फक्त." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं की आमच्याकडे पुरावा कधी पुरा होत नसतो, पुरेसा होतो. तू म्हणालीस, "पुरेसा कधी झाला हे कोण ठरवतं? ज्याला घरी जायची घाई आहे तो?" त्यानंतर डबा आपण रोज एकत्र खाल्ला.

मग ती तार आली. विनायकराव कामाला होते त्या मालवाहू बोटीशी संपर्क तुटला, शोध चालू आहे. शोध चालू राहिला आणि मग चालू राहिल्याचं कळवणंही बंद झालं. बोटीच्या कंपनीच्या मुंबईच्या कचेरीला तू ट्रंककॉल लावायचीस, तासन्‌तास पोस्टात बसायचीस, आणि पलीकडचा माणूस दर वेळी तेच वाक्य वाचून दाखवायचा. ना बोटीचं लाकूड मिळालं, ना तेलाचा तवंग, ना एखादा माणूस. वर्ष झाल्यावर मी तुला म्हटलं होतं, भाट्याच्या पुळणीवर समुद्राकाठी चालताना, की कुसुम, सगळा हिशेब एकाच बाजूला जातोय, अशा शंभर बोटींमधून किती परत येतील? तू चालता चालता थांबलीस.

"शंभर बोटी कुठे आहेत, नलू? एकच आहे."

एकाच माणसाला शंभरांचा नियम कसा लावायचा, हे आमच्या विषयात कुणी नीट सांगितलेलं मला अजूनही सापडलेलं नाही. आणि त्या रागातसुद्धा तू "बुडाली" हा शब्द वापरला नाहीस, हे मी तेव्हाच टिपलं होतं.

तू कुंकू लावत राहिलीस. पण संक्रांतीचं हळदीकुंकू टाळू लागलीस, कारण समोरचीची पंचाईत होते. एका वर्षी मुख्याध्यापिकांनी शाळेतच समारंभ केला, तेव्हा सुटका नव्हती. नव्याने आलेल्या शिवणाच्या बाई तबक घेऊन ओळीने कुंकू लावत आल्या, तुझ्यापाशी थबकल्या आणि तुला वगळून पुढे गेल्या. कुणीतरी त्यांना कोपर मारलं. त्या परत आल्या आणि गडबडीत कुंकू तुझ्या नाकावर सांडलं. तू नाक पुसत म्हणालीस, "असू दे हो, चूक तुमची नाही. मलाच नक्की माहीत नाही." सगळ्या तिळगुळाकडे बघत बसल्या. मला हसू आवरेना, तुलाही आवरेना, आणि दोघींनी प्रयोगशाळेत जाऊन दार लावून घेतलं. तिथे गेल्यावर तू रडलीस. तू रडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

त्याच दिवशी, डोळे पुसून झाल्यावर, तू फळ्याकडे गेलीस आणि मला अप्रत्यक्ष सिद्धता शिकवायला लागलीस, जशी काही मी नववीतली पोर. जे सिद्ध करायचं त्याच्या उलट धरून चालायचं आणि विसंगती येते का बघायचं. तू म्हणालीस, "मी रोज करून बघते. हे गेले असं धरते. संध्याकाळपर्यंत काही विसंगती येत नाही, मी वह्या तपासते, आमटीला फोडणी देते, सगळं जुळतं. दुसऱ्या दिवशी धरते की आहेत, कुठेतरी आहेत. त्याही दिवशी फोडणी देतेच. दोन्ही धरता येतात, नलू. असं गणितात व्हायला नको." फळ्यावर तू काहीच लिहिलं नव्हतंस, खडू नुसता हातात होता.

सात वर्षं पुरी झाली तसे तुझे दादा अर्जाचा मसुदा घेऊन आले. सात वर्षं ज्याची खबर त्याच्या माणसांना नाही, त्याला कायदा मयत धरतो. ते तुला समजावत होते की आता तो गेला हे तुला सिद्ध करायचं नाही, तो आहे असं जो म्हणेल त्याने सिद्ध करायचं. हे तुला मनापासून आवडलं. सिद्ध करण्याचं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातं, हे गणितात नाही, असं तू कौतुकाने म्हणालीस. मग विचारलंस, "म्हणजे काल झोपताना ते जिवंत धरायचे आणि आज उठल्यावर मयत. मधल्या रात्रीत काय झालं, दादा?" दादा चिडले, चहा न घेता गेले. तुझ्या भल्यासाठीच चाललं होतं त्यांचं, हे तुलाही कळत होतं. पण अर्ज तू दिला नाहीस.

भटजींना विचारलं तर ते म्हणाले बारा वर्षं थांबायचं, मग दर्भाचा पुतळा करून त्याचं दहन. तू लगेच विचारलंस, आणि नंतर माणूस परत आला तर? तर त्याचे सगळे संस्कार जन्मापासून नव्याने करायचे, बायकोशी लग्नसुद्धा पुन्हा लावायचं, असं ते म्हणाले. तू घरी येईपर्यंत हसत होतीस. म्हणालीस, या लोकांना चुकण्याची भीती तरी आहे, आपण चुकलो तर काय करायचं ते आधीच लिहून ठेवलंय. तुझ्या शास्त्रात आहे का अशी सोय, असं मला डिवचलंस. मी म्हटलं आहे, आम्ही पुस्तकाची नवी आवृत्ती काढतो.

आणि मग तो कौल. सासूबाईंचा निरोप आला की देवीला विचारायचंय, तू ये. तू मला ओढून नेलंस, बघायला ये म्हणालीस, तुझी देवळातली प्रयोगशाळा. पूर्णगडच्या त्या देवळात गुरवाने फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूंना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सासूबाई आधीच त्याच्याशी बोलून आल्या होत्या, त्यामुळे प्रश्न त्याने नुसता पुटपुटला, आपल्याला ऐकू आला नाही. ऐकायची गरजही वाटली नाही, दुसरं काय विचारणार त्या? आपण सगळे त्या ओल्या पाकळ्यांकडे बघत बसलो. खरं सांगू, मीसुद्धा श्वास धरला होता. उजवी पडली. सासूबाईंनी कपाळ जमिनीला टेकलं.

तू गुरवाला विचारलंस, डावी पडली असती तर परत लावली असतीत का? मला वाटलं आता हा रागावणार. तो पाकळ्या गोळा करता करता म्हणाला, "परत नाय लावायची, बाय. एकदा इचारला की देवीन सांगितलान ता घ्यायचा. नको आसला तरी."

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलीस. पावस मागे पडल्यावर बोलायला लागलीस ती थांबेचना. प्रत्येकाकडे एक नियम आहे, म्हणालीस, विचारणं कुठे थांबवायचं याचा. "दादांचा सात वर्षांचा, भटजींचा बारा, गुरवाचा एकदाच, तुझा प्रयोगाची रीडिंगं जुळेपर्यंत, आणि माझ्या विषयात थांबायचंच नाही." मग खिडकीबाहेर कातळाकडे बघत विचारलंस, "मी यातल्या कुणाच्या पंगतीला बसू?" मी म्हटलं, तू कुंकू लावतेस म्हणजे बसलीच आहेस कुठेतरी. त्यावर तू मान हलवलीस.

"आई म्हणतात, तो आहे. त्या नाही म्हणतील त्या दिवशी पुसेन."

"हे कुठलं गणित?"

"हे गणित नाही," तू म्हणालीस, आणि रत्नागिरी येईपर्यंत तिकिटाची घडी घालत-उलगडत बसलीस.

हे वाक्य मला तुझ्या तेराव्यानंतर आठवलं, भाजी घेताना, आणि मी अक्षरशः उभ्या जागी हलकी झाले. सापडलं की कारण. तुझा नियम तूच सांगून ठेवला होतास. सासूबाई नाही म्हणतील तेव्हा पुसायचं. त्या तुझ्या पायाशी बसल्या होत्या आणि नाही म्हणाल्या नव्हत्या, म्हणजे कुंकू राहायला हवं होतं. माझा विश्वास काय, कायदा काय, याचा संबंधच नव्हता. मी तुझ्याच पद्धतीने बरोबर उत्तर दिलं होतं, फक्त कारण मागून सुचलं. त्याबद्दल तू एखादा गुण कापला असतास, पण पास केलं असतंस. त्या दिवशी मी जेवले नीट.

गेल्या रविवारी पूर्णगडला गेले, सासूबाईंना बघायला. त्या पडवीत बसून सुके बांगडे निवडत होत्या. मला पाट दिला, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. मग हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "तू लाव म्हणालीस ता बरा केलास गो." मी आनंदाने तुझा नियम त्यांना सांगितला. तुम्ही आहे म्हणत होतात म्हणून ती लावत होती, तेच मी पाळलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

त्यांचा हात थांबला.

"मी खंय म्हणत होते? मला तार आली त्याच दिशी कळला, तो नाय म्हणून. आवशीला पोराचा कळता. ती हाय म्हणायची म्हणून मी हाय म्हणायची. तरणी बाय, रोज शाळेत जायाची, तिचा मन कसा मोडायचा?"

मी विचारलं, मग कौल? त्यावर त्या म्हणाल्या की देवीला तो आहे का असं त्यांनी विचारलंच नव्हतं. जे माहीत आहे ते देवीला कशाला विचारायचं? सुनेला कुंकू लावू द्यावं का, एवढंच विचारलं होतं. देवीने हो म्हटलं.

कुसुम, बघ काय झालंय. त्या पाकळीकडे आपण एवढ्या टक लावून बघत होतो, आणि प्रश्नच दुसरा होता. तू त्यांच्यावर टेकून उभी होतीस, त्या तुझ्यावर, आणि खाली कुणीच नाही. माझ्या विषयात अशा दोन साक्षींची किंमत शून्य. एक दुसरीचं ऐकून बोलते आणि दुसरी पहिलीचं. तुझ्या विषयात तर हे पहिल्याच ओळीत कापलं जाईल. आणि यावर तुम्ही दोघींनी आठ वर्षं काढली, शुभाला वाढवलं, एकमेकींना दर सणाला साडी घेतली. मला तुझा राग आला, त्यांचा आला, देवीचासुद्धा आला. सापडलेलं कारण पुन्हा हातातून गेलं. आणि तुला स्वतःला काय वाटत होतं, ते गेले की आहेत, हे आता कुणाला विचारू? जिच्याशी मी रोज भांडले, तिच्या मनात काय होतं हे मला सांगता येत नाही. याचं मला इतकं वाईट वाटतंय की मी हे कुणाजवळ बोलूही शकत नाही, म्हणून तुलाच सांगतेय.

मी उठायला लागले तशा त्यांनी माझा हात धरला. हाताला मासळीचा वास होता. म्हणाल्या, ती शनिवारी यायची, चूल पेटवता पेटवता "हे आले की" असं काहीबाही बोलायची. "ता ऐकला की मलापन घडीभर वाटायचा, हाय म्हणून. आता घरात तसा म्हणणारा कोण नाय." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"तू म्हणशील काय गो?"

मी, कुसुम. जी आठ वर्षं तुझ्याशी यावरच भांडली. एसटी यायची वेळ झाली होती, कंडक्टर थांबत नाही हे त्यांनाही माहीत होतं, पण त्यांनी हात सोडला नाही.

"आहेत, आई," मी म्हटलं. "कुठेतरी असतीलच."

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा बांगडे निवडायला घेतले. येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहे, तेव्हाही म्हणेन. मी नाही म्हणत होते तेव्हा तू माझं एकही वाक्य धड उभं राहू दिलं नाहीस. आता मी आहे म्हणतेय. ये आणि खोडून काढ.